ताळेबंदात न दिसणारी नदी

महोदय,

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात शाश्वतता हा विषय हल्ली असतो. पण अनेकदा शेवटच्या सत्रात, ऐच्छिक म्हणून, म्हणजे पाहुण्यासारखा. तो खरे तर वित्ताच्या तासाला शिकवायला हवा. विद्यार्थी ‘वर्तमान मूल्य’, म्हणजे भविष्यातल्या रकमेची आजची किंमत, काढायला तिथेच शिकतो. वटावाचा दर, म्हणजे भविष्यातली रक्कम वर्षागणिक ज्या दराने घटवून आजची किंमत काढतात तो, १० टक्के धरला, की ५० वर्षांनी होणारे १०० कोटींचे नुकसान आज जेमतेम ८५ लाखांचे दिसते! गणित बिनचूक आहे, म्हणूनच ते घातक. आटलेली नदी, नापीक झालेली जमीन या हिशेबात जवळजवळ शून्यच ठरते. दर १० ऐवजी २ टक्के धरला, तर तोच आकडा ३७ कोटींवर जातो. हा दर कोणी ठरवला आणि का, हे मात्र वर्गात क्वचितच विचारले जाते.

संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने जबाबदार व्यवस्थापन शिक्षणाची तत्त्वे २००७ मध्येच आली. शेकडो संस्थांनी त्यांवर सह्याही केल्या. सही करणे सोपे असते म्हणा. परीक्षेत एकच प्रकल्प दोन दरांनी सोडवायला द्यावा आणि निवडलेल्या दराचे समर्थन लिहायला सांगावे. गुण त्या समर्थनालाच द्यावेत.

— एक वाचक