आरसा खाली आणणाऱ्या पेंटरमामांना

आदरणीय पेंटरमामा,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली, पाहुणे आपापल्या गावी परतले, घर शांत झाले, तरी हे पत्र लिहिताना हात थांबत होता. एका न्हाणीघरासाठी कोणी एवढे आभार मानते का, असे म्हणून वाचणारे हसतील याची धास्ती होती. हसणाऱ्यांनी खुशाल हसावे. आमच्या घरात त्या चार भिंतींमुळे काय बदलले, ते आम्हालाच ठाऊक आहे, आणि ते तुम्हाला समक्ष सांगायला गेले असते तर तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलला असता.

बेळगावच्या वडगावातील आमचे घर विणकरांच्या गल्लीतले. पुढच्या खोलीत पूर्वी माग असल्यामुळे घरातली सगळी हौस आणि सगळे रंग त्या खोलीच्या वाट्याला आले. न्हाणीघरात मात्र चार फुटांपर्यंत पांढऱ्या टाइल्स, त्यांच्या वर चुन्याचा पांढरा हात आणि डोक्यावर पांढरी ट्यूब. "इथं अंघोळ केली की डॉक्टरांनी तपासल्यासारखं वाटतं," असे सासूबाई म्हणत, आणि त्यात खोटे काही नव्हते.

तुमच्या आधी दोघे येऊन गेले होते. पहिल्यांनी लॅपटॉपवर परदेशी स्नानगृहांची छायाचित्रे दाखवली, सगळ्या टाइल्स फोडाव्या लागतील असे सांगितले आणि असा आकडा उच्चारला की आमच्या यजमानांनी समोरचा चहा तसाच ठेवला. त्या तासाभरात या जागेत अंघोळ कोण करते, एवढा एक प्रश्न त्यांना सुचला नाही. दुसऱ्याने आगाऊ रक्कम घेतली, नवा आरसा साडेसहा फुटांवर दोन खिळे ठोकून टांगला आणि त्यानंतर फोन उचलणे बंद केले. तो आरसा कोणाच्या उंचीचा होता, हे आम्हाला अजून कळलेले नाही.

तुम्ही श्रावणात आलात. भिंतीला तळहात लावून "ही अजून पाऊस पिऊन बसलीय, आत्ता रंग दिला तर मार्गशीर्षात पोपडे धरतील" असे म्हणालात आणि मी पुढे केलेले पैसे परत माझ्या हातात ठेवलेत. बेळगावच्या पावसात राहणाऱ्या माणसाला ओल म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पण हातचे काम त्या ओलीसाठी दोन महिने पुढे ढकलणारा माणूस आम्ही प्रथमच पाहिला. दसऱ्यानंतर तुम्ही खरोखर आलात, याचेही तेव्हा आश्चर्य वाटले होते. आधीच्या अनुभवाने आमची मने किती कोती झाली होती, याची आता लाज वाटते.

कामाच्या तपशिलात मी शिरत नाही, कारण त्यात काही थाटाचे नव्हतेच. एकही टाइल फुटली नाही. सांधे घासून पांढऱ्या सिमेंटने भरले गेले, वरच्या भिंतीला कोवळ्या केळीच्या पानाचा हिरवा रंग लागला. तो ठरवण्याआधी तुम्ही वीतभर तुकडा रंगवून, सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा पाहायला लावलात, तेव्हा ट्यूबच्या उजेडात तोच हिरवा आजारी दिसतो हे ध्यानात आले आणि तिच्या जागी २७०० केल्विनचा पिवळसर दिवा आला. खिडकीत खानापूरच्या मातीच्या कुंडीत मनी प्लांट बसला. मला फळीवर गोकाकचे लाकडी डाळिंब ठेवायचे होते. ओलीने त्याचा रंग सुटेल असे सांगून तुम्ही त्याची रवानगी दिवाणखान्यात केलीत, आणि मी रुसले, हेही आज कबूल करते.

टाइल्सच्या वरच्या कडेने तुम्ही हाताने वेल काढलीत. फ्लेक्स येण्याआधी तुम्ही गावभर दुकानांच्या पाट्या रंगवत होता, कानडीतही आणि मराठीतही, हे तेव्हा समजले. त्या वेलीच्या वळणांत कानडी अक्षरांची गोलाई आहे आणि तिच्यावरची सरळ पट्टी आमच्या शिरोरेघेसारखी आहे. पाट्यांवरून या शहरात किती वेळा आवाज चढले ते आपण सारेच जाणतो. आमच्या न्हाणीघरात त्या दोन्ही लिप्या एकमेकींना टेकून सुखाने राहत आहेत.

पण हे पत्र वेलीसाठी नाही. शेवटच्या दिवशी आरसा लावायची वेळ आली तेव्हा तुम्ही हातोडी खाली ठेवून विचारलेत, "अक्का अंघोळीला कशावर बसतात?" मी स्टूल दाखवले. तुम्ही आधी स्वतः त्यावर बसून पाहिलेत, मग सासूबाईंना हात देऊन बसवलेत आणि त्यांचे डोळे जिथे येतात तिथे भिंतीवर पेन्सिलीने बारीक खूण केलीत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून दोन वर्षे सासूबाई त्या स्टुलावर बसून अंघोळ करत होत्या, भांग अंदाजाने पाडत होत्या आणि कुंकू सरळ लागले का हे मला हाक मारून विचारत होत्या. मी रोज त्या हाकेला ओ देत होते. आरसा खाली घ्यावा, हे दोन वर्षांत माझ्याही डोक्यात आले नव्हते. म्हणून आधीच्या दोघांना नावे ठेवताना माझी जीभ थोडी अडखळते.

आता यजमानांना दाढी करताना वाकावे लागते. वाकू देत.

चांगुलपणा म्हटला की आपल्याला मोठाले त्याग आठवतात. दुसऱ्याच्या जागी क्षणभर बसून पाहणे, आणि तेही असे अक्षरशः, रंगाचे डाग पडलेल्या कपड्यांनिशी, हे मात्र शिकलेल्या आणि नावाजलेल्या माणसांतही मला क्वचित आढळले. हिशेबाच्या कागदावर तुम्ही आरशाचे पैसे लावले नव्हते. मी विचारले तेव्हा "तो आधीच लागलेला होता की" असे म्हणून तुम्ही सायकलला टांग मारलीत.

सासूबाईंनी एक निरोप सांगितला आहे. पुढच्या खेपेला चहा घेतल्याशिवाय त्या तुम्हाला जाऊ देणार नाहीत. शिवाय वरची दोन जुनी भोके बुजवून त्यांवर तुम्ही जी फुले काढलीत, त्यांतले डावे फूल उजव्यापेक्षा जरा मोठे झाले आहे, हे त्यांनी स्टुलावर बसल्या बसल्या हेरले आहे, आणि ते तसेच राहू द्यावे असे त्यांचे म्हणणे आहे.

आपली कृतज्ञ,
वडगावची एक गृहिणी