पंच होणाऱ्या नागरिकालाही घटनास्थळाची तोंडओळख हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण व्हावे, अशी तरतूद आहे. तिच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. तज्ज्ञ आले तरी पंचनाम्यावर सही करणारे पंच मात्र तुमच्या-माझ्यासारखेच असतात आणि पुढे न्यायालयात उलटतपासणीला तोंड त्यांनाच द्यावे लागते. त्यांना या कामाची ओळख कोण करून देणार?

निवृत्तीनंतर न्यायसहायक विज्ञान हा विषय मी हौसेने शिकू लागलो. मालिकांमुळे नवशिक्याचे लक्ष आधी बोटांच्या ठशांकडे आणि डीएनएकडे जाते; प्रत्यक्षात पहिला धडा न शिवता पाहण्याचा आणि पाहिले तेवढेच लिहिण्याचा आहे. पंचनाम्यात सोनसाखळीची नोंद ‘पिवळ्या धातूची साखळी’ अशी आणि रक्ताची ‘रक्तासारखा डाग’ अशी होते, कारण तो डाग रक्ताचा आहे की नाही हे ठरवणे प्रयोगशाळेचे काम आहे. वस्तू उचलण्यापूर्वी तिचे दुरून, मध्यम अंतरावरून आणि मोजपट्टी शेजारी ठेवून जवळून असे छायाचित्र घेतात, आणि दोन पक्क्या खुणांपासून तिचे अंतर मोजून कच्च्या नकाशात मांडतात. रक्ताने भिजलेला कपडा सावलीत वाळवून कागदी पिशवीतच ठेवायचा. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडून जिवाणू आणि बुरशी वाढते व डीएनए खराब होतो. (नागपूरच्या मे महिन्यात तो गच्चीवर टाकला की घटकाभरात वाळेल, असे कोणालाही वाटेल, पण कडक ऊनही डीएनएला मारकच.) मग लाखेचे सील, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आणि मुद्देमाल कोणाकडून कोणाकडे केव्हा गेला याची नोंद. यातला एक दुवा निखळला, तर बचाव पक्षाचे वकील नेमके तिथेच बोट ठेवतात.

बघ्यांचे तर विचारायलाच नको. पोलीस दोरी बांधेपर्यंत चार जण मोबाइल घेऊन आत शिरलेले असतात आणि पायाचे ठसे तिथेच पुसले जातात.

नागपुरात धंतोलीला प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, शिवाय या विषयाची शासकीय शिक्षणसंस्थाही आहे. त्यांनी पोलीस आयुक्तालयाच्या साह्याने नागरिकांसाठी मराठीतून, सुटीच्या दिवशी, प्रात्यक्षिकांसह छोटे वर्ग घ्यावेत, आणि पंच म्हणून वारंवार बोलावल्या जाणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांना त्यात आधी सामावून घ्यावे, अशी विनंती आहे. त्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. एक रिकामी खोली, मोजपट्टी, कॅमेरा, कागदी पिशव्या आणि लाख एवढ्यावर पहिला वर्ग सहज होऊ शकेल.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, नागपूर