ढब्बूच्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं मॅडम.

त्या रविवारी रात्री फोन केला तेव्हा मला धड बोलताही येत नव्हतं. सासूबाईंची आठवड्याला एक घ्यायची व्हिटॅमिन डीची अख्खी पट्टी आमच्या ह्या कुत्रोबाने, ढब्बूने, सोफ्याखाली नेऊन फस्त केली होती. "व्हिटॅमिनच आहे, हाडं मजबूत होतील," असंही घरात कुणी म्हणालं. (कोण ते सांगत नाही, मला याच घरात राहायचंय.) तुम्ही विचारलंत, पट्टीवर काय छापलंय? ६०,००० युनिट. किती गोळ्या? चार. वजन? १० किलो. म्हणजे किलोमागे २४,००० युनिट, आणि कुत्र्याला किलोमागे ४,००० पासूनच त्रास सुरू होऊ शकतो, हे तुम्ही नंतर सांगितलंत. तेव्हा फक्त म्हणालात, "निघा. पट्टी सोबत आणा."

इकडे सासूबाईंनी दूध कोमट केलं होतं, ह्यांनी मिठाचं पाणी कालवलं होतं. दोन्ही तुम्ही फोनवरच थांबवलंत. मिठाने सोडियम वाढून झटके येऊ शकतात, आणि दुधात कॅल्शियम, जे ह्या विषबाधेत रक्तात आधीच चढतं. आमच्याकडे विषावर दूध हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय!

पंचवटीतून निघून रविवार कारंज्याच्या गर्दीतून आम्ही पोचलो, तर दवाखान्याचं शटर तुम्ही स्वतः वर करत होतात. उलटीचं इंजेक्शन, मग विष शोषून घेणारा काळाकुट्ट कोळसा, मग सलाईन. तुमचा पांढरा ड्रेस त्या कोळशाने गेला, त्याबद्दल अजूनही लाज वाटते.

पण खरे आभार सोमवारचे. ढब्बू उड्या मारत होता, पोळी मागत होता. मला वाटलं, झालं, उगाच कशाला रोज सलाईन आणि रक्त? तुम्ही ऐकलं नाहीत. हे व्हिटॅमिन चरबीत साठतं, कॅल्शियम एक-दोन दिवसांनी वाढतं आणि किडनीवर बसतं, म्हणालात. मंगळवारच्या रिपोर्टात कॅल्शियम १३च्या वर. माझी बोलतीच बंद झाली. सलाईन चालूच राहिलं, लघवी वाढवणारं इंजेक्शन आणि स्टेरॉइडही सुरू झालं. किडनीची खबर देणारं क्रिएटिनिन मात्र शेवटपर्यंत वाढलं नाही.

नवी पट्टी आता देव्हाऱ्यावरच्या फडताळात, डब्यात असते. दूध-पनीर अजून बंदच आहे. पुढच्या तपासणीला शनिवारी येतोय. तुमची गल्ली आली की ढब्बू स्कूटरवरून उतरायलाच तयार नसतो, तेव्हा जरा बाहेर याल का?

तुमची,
ढब्बूची आई