वादळाचे नाव विचारणाऱ्या दावे विभागाविरुद्ध तक्रार

सांगली
१९ सप्टेंबर २०११

प्रति,
प्रमुख, दावे विभाग,
परदेश प्रवास विमा, मुख्य कार्यालय, मुंबई

विषय : २७ एप्रिल २०११ रोजी टस्कलूसा (अलाबामा, अमेरिका) येथे झालेल्या दुखापतीचा व पासपोर्टांचा दावा, घटनेला १४५ दिवस झाले तरी, अडवून ठेवल्याबद्दल.

महोदय,

पॉलिसी क्रमांक पुन्हा लिहीत नाही. तो मी तुमच्या माणसांना फोनवर इतक्या वेळा सांगितला आहे की आता झोपेतही सांगेन. पॉलिसीत काय लिहिले आहे तेही सांगत बसत नाही, कारण ती तुम्हीच लिहिली आहे. अपघाती दुखापतीचा तातडीचा उपचार आणि पासपोर्ट गहाळ झाल्यास नवीन काढण्याचा खर्च, या दोन्ही गोष्टी तिच्यात स्पष्ट आहेत. त्या वाचूनच आम्ही हप्ता भरला. माझे पती मधुमेही आहेत हे आम्ही अर्जात लपवले नव्हते आणि तुम्ही ते वाचूनच पॉलिसी दिली.

शुक्रवारी, १६ तारखेला, तुमच्या कार्यालयातून आलेला फोन ४१ मिनिटे चालला. त्यानंतर हे पत्र मी दोनदा लिहिले आणि दोनदा फाडले. हे तिसरे.

आम्ही दोघे मुलाच्या पदवीदानासाठी गेलो होतो. मेच्या सुरुवातीला समारंभ होता. मुलगा अलाबामा विद्यापीठापासून जवळच, पंधराव्या रस्त्याच्या बाजूला, भाड्याच्या घरात राहत होता. बुधवारी, २७ एप्रिलला, पहाटेच्या पहिल्या वादळांनी राज्यात ठिकठिकाणी वीज घालवली होती. आमच्याकडे दुपारी टीव्ही चालू होता आणि शहरातल्याच एका कॅमेऱ्यातून तो काळा खांब चालत येताना दिसत होता. भोंगे वाजत होते. पाचच्या सुमारास मुलाने आम्हाला न्हाणीघरातल्या टबमध्ये बसवले, वर गादी ओढली आणि स्वतः गादीवर आडवा पडला. कानात असे दडे बसले की माझीच हाक मला ऐकू येईना. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. गादी बाजूला केली तेव्हा वर छप्पर नव्हते, आभाळ होते. गॅसचा वास आणि मोडलेल्या पाइनच्या डिंकाचा वास एकत्र येत होता. तो वास अजून कधी कधी येतो आणि मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे ना ते बघते.

त्या एका दिवसात एकट्या अलाबामात ६२ टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीवर उतरणारे वाऱ्याचे भोवरे, झाले. आमच्यावरून गेलेला ग्रीन काउंटीत जमिनीला टेकला आणि टस्कलूसा चिरत बर्मिंगहॅमच्या पुढे, सुमारे १३० किलोमीटर गेला. वाऱ्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर होता. त्या एका वाटेवर ६४ माणसे गेली. अमेरिकेच्या हवामान खात्याने प्रत्यक्ष पाहणी करून हे सगळे जाहीर केले आहे. तुमच्या विभागातल्या कोणालाही ते पाच मिनिटांत वाचता आले असते.

आता शुक्रवारचा फोन. बोलणाऱ्या गृहस्थांनी स्वतःची ओळख वरिष्ठ अधिकारी म्हणून करून दिली. पहिला प्रश्न, "मॅडम, चक्रीवादळाचं नाव काय?"

मी सांगितले, ते चक्रीवादळ नव्हते, टोर्नेडो होता. टोर्नेडोला नाव देत नाहीत.

"मॅडम, नाव असतंच. फयान होतं, लैला होतं. अमेरिकेत कतरिना होतं."

मी छत्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला आहे. मी शांतपणे समजावले. फयान आणि कतरिना समुद्रावर तयार होतात, कित्येक दिवस जगतात, म्हणून त्यांना नाव ठेवायला सवड असते. टोर्नेडो गडगडाटी ढगातून खाली उतरतो, काही मिनिटांत किंवा फार तर काही तासांत संपतो, आणि त्या दिवशी तर एकामागून एक उतरत होते. त्याची ताकद नंतर पडझड पाहून ठरवतात, शून्य ते पाच अशा श्रेणीत. आमचा चौथ्या श्रेणीतला होता.

"ठीक आहे, पण फॉर्मवर वादळाचं नाव हा रकाना आहे. तो रिकामा असला की सिस्टीम पुढे जात नाही. नाव नसतं असा तिथल्या सरकारचा दाखला आणा."

हेही मी ऐकून घेतले. मग पायाचा विषय निघाला, आणि त्यांनी विचारले, "एवढं मोठं वादळ होतं म्हणता, मग मिस्टरांना नुसतं पायालाच कसं लागलं?"

हे वाक्य मी शब्द न बदलता लिहिले आहे. तुमच्याकडे संभाषण ध्वनिमुद्रित होते असे प्रत्येक फोनच्या सुरुवातीला सांगतात, तेव्हा ऐका. मी उत्तर दिले नाही, म्हणून त्यांनी ते पुन्हा विचारले. मी म्हटले, तुम्हाला काय अपेक्षित होते? ते म्हणाले, "तसं नाही मॅडम, पण मोठ्या वादळात जनरली मोठी इजा होते." म्हणजे हे कमी जखमी झाले हा आमच्या दाव्यातला दोष. दोन गल्ल्या पलीकडे पांढऱ्या चादरी पाहिल्यात मी. माझा मुलगा आमच्या अंगावर आडवा पडला होता म्हणून आम्ही दोघे आज सांगलीत आहोत, आणि तुमचा अधिकारी मला विचारतो की नुसते पायालाच कसे.

कसे लागले ते ऐका. शेजारच्या घरात एक म्हातारी बाई दाराखाली अडकली होती. चपला उडून गेल्या होत्या, तरी हे तसेच अनवाणी धावले आणि मुलाबरोबर दार उचलले. फळीतला खिळा पाय फोडून वर आला. रुग्णालयात त्या रात्री जमिनीवरसुद्धा माणसे निजवलेली होती. तिथल्या डॉक्टरांनी जखम साफ करून अकरा टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि कागदावर लिहून दिले, खिळा घुसून झालेली जखम. तुमच्या नकाराच्या पत्रात मात्र लिहिले आहे, "मधुमेहजन्य पायाचा विकार, पूर्वीचा आजार." खिळा मधुमेहाने घुसत नाही. हा कागद मी तुम्हाला तीनदा पाठवला आहे आणि आज चौथ्यांदा पाठवत आहे.

पासपोर्टासाठी तुम्ही २४ तासांच्या आत केलेल्या पोलीस तक्रारीची प्रत मागता. टस्कलूसात काउंटीच्या आपत्कालीन विभागाची इमारतच कोसळली होती. शहराचे कचऱ्याचे ट्रक चेपले होते. रात्री संचारबंदी होती, फोन लागत नव्हते, आणि पोलीस ढिगाऱ्यांवर माणसांना हाका मारत होते. त्यांना मी कोणत्या तोंडाने म्हणायचे की आमच्या दोन पासपोर्टांचा पंचनामा करा? पाचव्या दिवशी तक्रार नोंदवून घेतली, तिची प्रत तुमच्याकडे आहे, आणि तुम्हाला ती चालत नाही कारण ती पाचव्या दिवसाची आहे. त्या दिवसांत लोक शंभर-शंभर मैलांवर पडलेले दुसऱ्यांचे लग्नाचे फोटो, बँकेचे कागद उचलून ज्याचे त्याला परत मिळावेत म्हणून फेसबुकवर टाकत होते. मुलगा रोज रात्री तिथे आमचे पासपोर्ट शोधायचा. मिळाले नाहीत.

ज्यांचा आमच्याशी काही संबंध नव्हता ते कसे वागले हेही तुमच्या कानावर घालते. अलाबामा आणि ऑबर्न या दोन विद्यापीठांचे फुटबॉलवरून पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर आहे. काही महिन्यांपूर्वीच अलाबामाच्या एका चाहत्याने ऑबर्नची जुनी ओकची झाडे विष घालून मारायचा प्रयत्न केला होता. तरी वादळानंतर ऑबर्नची माणसे पाणी, ताडपत्र्या आणि करवती घेऊन टस्कलूसात राबत होती. ऑबर्नचा नारिंगी टी-शर्ट घातलेल्या एका बाईने यांच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहिले, गाडीत जाऊन मोठ्या मापाचे बूट आणले आणि खाली बसून स्वतः घातले. रेड क्रॉसच्या निवाऱ्यात, घरातला फ्रीज गेल्यामुळे इन्सुलिन नाही म्हटल्यावर अर्ध्या तासात मिळाले. कोणीही विचारले नाही की मधुमेह पूर्वीचा आहे का. ज्यांना आम्ही आधीच पैसे भरले होते ते फक्त तुम्ही, आणि हा प्रश्न विचारणारेही फक्त तुम्हीच.

विद्यापीठाने परीक्षा रद्द केल्या आणि पदवीदान ऑगस्टवर ढकलले. विद्यापीठाचे सहा विद्यार्थी गेले होते. नवे कागद हाती येताच आम्ही परतलो, समारंभ पाहायचा राहिला. त्याची भरपाई मी तुमच्याकडे मागत नाही. मी मागते आहे ते रुग्णालयाचे बिल आणि दोन पासपोर्टांचा खर्च. माझ्या वडिलांच्या पोस्टाच्या विम्यापासून आमच्या घरात विम्याच्या कागदावर विश्वास ठेवायची सवय आहे. मुलीने, दोन भावांनी आणि शाळेतल्या चार सहकाऱ्यांनी माझ्या सांगण्यावरून तुमच्याकडे पॉलिसी घेतल्या. त्या सगळ्यांना मी हे पत्र वाचून दाखवणार आहे.

आजपासून एक महिन्याच्या आत दोन्ही रकमा द्या, किंवा का देत नाही ते कलम क्रमांकासह, सहीनिशी, लेखी कळवा. तसे न झाल्यास मी मुंबईच्या विमा लोकपालांकडे अर्ज करीन. तिथे भागले नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक मंचात स्वतः उभी राहीन. मला वकील लागणार नाही. त्या ध्वनिमुद्रणाची प्रत मात्र मी तिथे मागणार आहे.

वादळाच्या नावाचा रकाना मी रिकामाच ठेवला आहे. डॉक्टरांच्या कागदात जखमेचे कारण इंग्रजीत आहे. त्याचे मराठी भाषांतर माझ्या हस्ताक्षरात सोबत जोडले आहे.

पुन्हा फोन करायचा झाल्यास माझ्याशीच बोला. शुक्रवारी फोन स्पीकरवर होता आणि तो प्रश्न यांनी ऐकला. तेव्हापासून दावा सोडून दे म्हणतात. मी सोडणार नाही.

आपली पॉलिसीधारक
(सही)