आठवारी आणि पस्तीस पौंड

एडिंबरा,
१९ ऑगस्ट

प्रिय मन्या,

स. न. वि. वि. (हसू नकोस. नानांनी पट्टी हातात घेऊन शिकवलेला मायना आहे.)

चिनूच्या गॅदरिंगसाठी किल्ट (इथल्या स्कॉटिश पुरुषांचा निऱ्यांचा घागरा) पाठव म्हणालास. ‘तिकडे रस्त्यावर मिळत असतील’ असंही वर लिहिलंस. मिळतात की! किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा रॉयल माइल नावाचा रस्ता आहे. तिथे दुकानादुकानांतून रेकॉर्डवरचा बॅगपाइप कोकलत असतो आणि दारात हँगरला किल्ट लोंबत असतात. पस्तीस पौंड. सध्या फेस्टिव्हलची जत्रा आहे, त्यामुळे पाय ठेवायला जागा नाही आणि प्रत्येक तिसऱ्या माणसाच्या हातात तीच पिशवी.

पहिल्या वर्षी मीही तिथूनच घेतला होता. ऑफिसातल्या एकाच्या लग्नाला तो नेसून गेलो. (‘घालून’ लिहिणार होतो, पण हे नेसणंच आहे, पुढे कळेल.) त्याच्या आजींनी आयुष्यभर किल्ट शिवलेले. त्या जवळ आल्या, एक शब्द न बोलता माझी मागची निरी चिमटीत धरली, उलटून पाहिली आणि हसल्या. कुणी बाहेरून आणलेली पैठणी दाखवायला आणली की काकू नाही का आधी उलटी करून बघतात, अगदी तस्सं. मला तिथल्या तिथे येवल्यातलं तुमचं दुकान आठवलं.

मग त्यांनी नातवाचा किल्ट दाखवला. अस्सल किल्टला आठ वार कापड लागतं. तुझी आजी नऊवारी, हे आठवारी! निऱ्या मागे, समोर सपाट पदर एकावर एक. प्रत्येक निरी अशी मोजून घातलेली की चौकटींची नक्षी निऱ्यांवरूनही न तुटता पुढे जाते. हातशिलाई, पंधरा-वीस तासांचं काम. खालचा काठ मागावरच तयार झालेला, म्हणून दुमडून शिवण घातलेली नसते. कमरेला चामड्याचे पट्टे आणि बकल. माझ्या किल्टला वेल्क्रो होतं, मन्या! कापड अ‍ॅक्रिलिक, वार निम्मे, निऱ्या नुसत्या इस्त्रीने बसवलेल्या आणि नक्षी प्रत्येक निरीला वेगळ्या गावी निघालेली. अस्सल लोकरीचा, हाताने शिवलेला घ्यायचा तर चार-पाचशे पौंडांच्या खाली सहसा मिळत नाही.

स्वस्तातला बराचसा माल सियालकोटहून येतो. फुटबॉल आणि क्रिकेटच्या बॅटी बनवणारं तेच ते गाव; बॅगपाइपही तिथूनच जगभर जातात. त्या कारागिरांवर माझा काडीचा राग नाही. ‘पाकिस्तानात शिवलेला, अ‍ॅक्रिलिक, पस्तीस पौंड’ असं स्वच्छ लिहा, मी आनंदाने घेईन. पण लेबलवर डोंगर, काटेरी फूल आणि ‘स्कॉटलंडमध्ये डिझाइन केलेलं’. वाक्य कदाचित खरंही असेल. गिऱ्हाईक ‘स्कॉटलंड’ वाचून पैसे काढतं, ‘डिझाइन’ शब्द कोण वाचतो? सेमी पैठणीवर नुसतं ‘पैठणी’ लिहिणारे तुला काय कमी भेटलेत?

हॅरिस ट्वीड नावाच्या इथल्या लोकरी कापडाचं बघ. त्याच्यासाठी १९९३ चा स्वतंत्र कायदाच आहे: स्कॉटलंडच्या ‘आउटर हेब्रिडीज’ बेटांवर, विणकराच्या घरी, हातमागावर विणलेलं असलं तरच ते नाव. किल्टला असं कवच नाही. टार्टनची (किल्टवरच्या त्या चौकटींच्या नक्षीची) सरकारी नोंदवही २००९ पासून आहे, पण तिथे नोंद होते ती नक्षीची. कापड कुठे विणलं, कुणी शिवलं, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

आता तू म्हणशील, मग अस्सल म्हणजे तरी काय? तिथेही मजाच आहे. कलोडनच्या लढाईत इथल्या डोंगराळ भागातल्या बंडखोरांचा पाडाव झाल्यावर १७४६ मध्ये ब्रिटिश सरकारने कायदा करून हा पोशाख बंद केला, तो १७८२ ला सुटला. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबऱ्याला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळ्या शहरालाच टार्टन नेसवलं; राजा स्वतः आखूड किल्ट आणि आत गुलाबी तुमान घालून मिरवला! पुढे १८४२ मध्ये दोघा भावांनी जुनी पोथी सापडल्याचं सांगून घराण्यांच्या टार्टनांचं पुस्तक छापलं. पोथी बनावट निघाली. त्यातली कित्येक टार्टनं आजही लग्नांत अभिमानाने नेसली जातात. पण त्या भावांनी निदान पोथी रचण्याचे कष्ट तरी घेतले होते.

तर पस्तीसवाला मी पाठवणार नाही. तुमच्या घरात वेल्क्रोचा किल्ट आला तर काकू मला उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत. इथे जुन्या कपड्यांच्या दुकानांत मुलांचे लोकरीचे किल्ट मिळतात, पोरं वाढली की लोक देऊन टाकतात. शनिवारी बघतो. चिनूच्या कमरेचं माप कळव, पण जीन्स बसते तिथलं नको, बेंबीच्या पातळीवरचं घे. आणि तिथून गुडघ्याच्या मध्यापर्यंतची लांबी. तो हलेल, तेव्हा दोनदा मोज.

काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझाच,
बाळ्या