काट्याकडे पाठ करून उभी राहा, असं सांगणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती कुबड्या घेऊन. तीन वर्षांतलं तिसरं स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेली चीर. तुम्ही वजनकाटा पुढे ओढलात आणि म्हणालात, "काट्याकडे पाठ करून उभी राहा. आकडा माझ्या कामाचा आहे, तुझ्या नाही."

मी तिथेच रडले. का, ते तेव्हा सांगता आलं नाही.

त्याआधी सहा वर्षं धावण्याच्या सरावात दर सोमवारी माझं वजन सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जायचं. किलो उतरला की चढ सोपा, हे प्रशिक्षकांचं पालुपद. पाळी बंद झाली, तर म्हणाले, सराव चांगला चाललाय! दोन डॉक्टरांनी फक्त हाड पाहिलं आणि विश्रांती लिहून दिली. जेवतेस किती, हे एकानेही विचारलं नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्येच या दुखण्याला, म्हणजे खेळाडूच्या शरीराला पुरेशी ऊर्जा न मिळण्याला, 'रेड-एस' असं नाव दिलं होतं. माझं हे सगळं त्यानंतरचं. त्याचा राग अजून जात नाही.

खर्चाएवढं पोटात गेलं नाही की शरीर काटकसर करतं, आधी पाळी थांबते, इस्ट्रोजेन घटतं, मग हाडं झिजतात. हे तुम्ही कागदावर चित्र काढून समजावलंत, तेही मला एकदाही दोष न देता. 2023 च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या कोर्टनी डॉवॉल्टरने वेस्टर्न स्टेट्स, हार्डरॉक आणि आल्प्समधली युटीएमबी या डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या तिन्ही शर्यती महिलांमध्ये जिंकल्या, तेव्हा मी अंथरुणात होते. आपली कारकीर्द संपली, असं धरून चालले होते.

यंदा मीही युटीएमबी धावले. 2,537 मीटरवरच्या ग्रां कोल फेरे खिंडीच्या चढावर, बोचऱ्या वाऱ्यात, बोटं बधिर झालेली असताना मी थांबून खाल्लं. दोघी पुढे निघून गेल्या. जाऊ दिल्या. तासाला 60 ते 90 ग्रॅम कर्बोदकं, शेवटपर्यंत.

परतल्यावर फोन केला, तर कितवी आलीस हे तुम्ही विचारलंच नाहीत. "पाळी वेळेवर येतेय ना?" एवढंच. असं विचारणारी माणसं या खेळात फार कमी भेटली मला.

डॉक्टर, पुढच्या आठवड्यात एकोणीस वर्षांची एक मुलगी तुमच्याकडे येईल. खूप वेगवान आहे, आणि नडगी धरून बसलीये. तिलाही पाठ करूनच उभी करा.

तुमची,
एक धावपटू