दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी ग्रामसभेत बोलावे

महोदय,

गेल्या पंधरवड्यात चोपडा तालुक्यातला बावीस वर्षांचा एक तरुण माझ्या दवाखान्यात आला. "डॉक्टर, तोंडच उघडस नही," म्हणाला. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी बसतात. त्याची दोनही गेली नाहीत. गाल आतून पांढुरका पडलेला, बोट फिरवले तर दोरी लागावी तसा ताठ. ठेचा सोडून वर्ष झाले होते. भाकरी वरणात कुस्करून खात होता. खान्देशातल्या घरात याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

गुटख्याची पहिली पुडी त्याने आठवीत असताना शाळेसमोरच्या टपरीवरून घेतली होती. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, हा कायदा २००३ चा. राज्यातली गुटखाबंदी जुलै २०१२ ची. म्हणजे हा मुलगा आठवीत गेला तेव्हा दोन्ही नियम लागू होते आणि टपरीही होती.

गुटख्यातल्या सुपारीने गालाच्या आत तयार झालेले हे पट्टे पुन्हा पूर्वीसारखे होत नाहीत. काही जणांत पुढे कर्करोग होतो. मी इंजेक्शने देईन, तोंड उघडण्याचा व्यायाम शिकवीन. पण ती टपरी माझ्या खुर्चीवरून हलत नाही. ती हलवायला ग्रामपंचायत, पोलीस, अन्न व औषध प्रशासन, आमदार यांच्या मागे लागावे लागते, आणि नेमके हेच आम्हाला बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीच्या चार वर्षांत आणि इंटर्नशिपच्या वर्षात कोणी शिकवले नाही.

म्हणून दंत महाविद्यालयांत आज शिकणाऱ्या मुलामुलींना माझे कळकळीचे सांगणे आहे: राजकारण आपले नाही, असे म्हणू नका. "शिकायला पाठवलंय, पुढारी व्हायला नाही," हे घरचे म्हणणे मला समजते. कर्ज काढून फी भरणाऱ्या बापाची भीती खोटी नसते. कोणाचा झेंडा खांद्यावर घ्या, असे मी म्हणतच नाही. पण निर्णय होतात तिथे आपले कोणी नसेल, तर ते आपल्यावाचून होतात. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने दंतशिक्षण आणि दंतवैद्यांचा व्यवसाय यांचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला. १९४८ च्या कायद्याने आलेल्या दंत परिषदेत दंतवैद्यांमधून निवडून गेलेले सदस्य असत; नव्या आयोगात भर नेमणुकांवर आहे. ज्यांचे सगळे आयुष्य या कायद्याखाली जाणार, त्या विद्यार्थ्यांमध्ये त्याची किती चर्चा झाली? माझ्याकडे आलेल्या इंटर्नना तर तो ठाऊकही नव्हता.

आणि तुमच्या हातात पुरावा आहे. धडगाव, अक्कलकुव्यापासून यावल, रावेरपर्यंत शिबिरे होतात. तुम्ही दिवसभर उन्हात बसून शेकडो तोंडे तपासता. मशेरीने झिजलेले दात, किडके दुधाचे दात, पांढरे चट्टे, सगळे नोंदवहीत लिहिता. मग ती वही विभागाच्या कपाटात जाते. तीच आकडेवारी गावनिहाय मांडून जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे, पालकमंत्र्यांच्या जिल्हा नियोजन समितीपुढे ठेवली तर निधी मागायला आधार मिळतो. ग्रामीण रुग्णालयात दंतशल्यचिकित्सकाचे पद भरलेले आहे का, खुर्ची चालू आहे का, हे माहिती अधिकारात विचारता येते. उत्तर हाती आले की आमदारांना भेटा आणि विधानसभेत प्रश्न लावायला सांगा. आमदार डॉक्टरांचे ऐकतात, आणि उद्याच्या डॉक्टरांचेही ऐकतील, कारण तुम्ही मतदार आहात.

प्राचार्यांनाही विनंती आहे. अशा पाठपुराव्याला शिस्तभंग समजू नका. समाजदंतवैद्यक विभागाने तो अभ्यासाचा भाग म्हणून करून घ्यावा.

२ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा भरतात आणि महाविद्यालयाला सुट्टी असते. ज्या गावात शिबिर झाले, तिथल्या सरपंचांना आठ दिवस आधी पत्र द्या, नोंदवही सोबत न्या आणि शाळेजवळच्या टपरीचा ठराव मांडायला सांगा. अमळनेर, चोपडा परिसरात कोणी जाणार असेल तर मी सोबत येईन.

– एक दंतवैद्य, अमळनेर